दात बघून घ्या

मामा आटपाडीहून डोंबिवलीला आले ते कवळी बसवायला. उरलेसुरले तीन दात डॉक्टरांनी सोमवारी काढले. हिरड्या भरून यायला वेळ, माप घ्यायला वेळ, बनून यायला वेळ. मुक्काम लांबणार हे उघड होतं. चावायला काही नाही तर निदान बघायला तरी असावं, म्हणून तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बाळ्या, त्या तुज्या मशिनीवर काय तरी लाव की."

मशीन म्हणजे आमचा होम सर्व्हर. ऑफिसनं मोडीत काढलेला संगणक, त्यात आठ टेराबाइटची डिस्क आणि डिस्कवर घरातल्या सगळ्या व्हीसीडी, डीव्हीडी, चार-पाच ब्लू-रे उतरवून घेतलेल्या. हे सगळं चपलांच्या कपाटावर मांडून मी त्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. अकरा अंगठे आले. सर्व्हर उभारून दीड महिना झाला आणि त्यावर अजून एकही सिनेमा कोणी शेवटपर्यंत पाहिलेला नाही, हे ग्रुपवर टाकायचं राहून गेलं.

मी मुद्दाम ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ काढला. डेव्हिड लीनचा, १९६२ चा, पावणेचार तासांचा. मामांना इंग्रजी येत नाही, पण उंटांना तरी कुठे येतं? उभा जन्म जनावरांच्या बाजारात गेलेल्या माणसाला वाळवंटभर उंट दाखवावेत, तेही फोर-केमध्ये, असा विचार. थोडी मिरवायची हौसही होतीच.

टीव्हीवर गोल चक्र फिरू लागलं. चपलांच्या कपाटावर घरघर सुरू झाली. चक्र थांबलं, वाळू दिसली, वाळू गोठली, पुन्हा चक्र. घरघर वाढली.

"आत दळण टाकलंय का रं?" मामांनी विचारलं.

दळणच होतं. सर्व्हर या शब्दाचा सरळ मराठी अर्थ वाढपी. पानात वाढायचं आणि पुढे सरकायचं. त्याला अक्कल लागत नाही, ताकद तर त्याहूनही कमी लागते; दहा वर्षांपूर्वीचा संगणक हे काम झोपेत करतो. चावायचं काम जेवणाऱ्याचं, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या प्लेअरचं. फाइलमध्ये चित्र एका पद्धतीनं दाबून बसवलेलं असतं, आवाज दुसऱ्या पद्धतीनं, खालची अक्षरं तिसऱ्या. प्लेअरला तिन्ही फोडता आली तर वाढलेलं ताट जसंच्या तसं पोटात जातं. याला म्हणतात डायरेक्ट प्ले. एखादं जरी फोडता आलं नाही, तर वाढप्यानं पंगत सोडून खलबत्ता घेऊन बसायचं. भाकरी कुस्करायची, आमटीत भिजवायची आणि घास घास भरवायची, तेही जेवणाऱ्याच्या वेगानं, पावणेचार तास. याला म्हणतात ट्रान्सकोडिंग. आणि ते गोल चक्र म्हणजे ‘घास तयार नाही, आ करून बसा.’

"म्हंजी तुजा टीव्ही माज्यावानी बोळका."

पुरता बोळका नव्हता, तेच तर दुखणं. चित्राची दाढ होती. फोर-के डिस्कवर चित्र एचईव्हीसी पद्धतीनं बसवतात. ती २०१३ साली ठरली आणि आजचे फोर-के टीव्ही ती आरामात फोडतात. आवाजाची दाढ नव्हती, पण आवाज कुस्करायला फार कष्ट पडत नाहीत. खरी गोम अक्षरांत होती. ब्लू-रेवरची सबटायटल्स ही अक्षरं नसतातच, ती अक्षरांची चित्रं असतात. आमच्या टीव्हीवरच्या ॲपला ती सिनेमावर ठेवता येईनात. मग वाढपी बिचारा सबंध फोर-के चित्र फोडत होता, प्रत्येक चौकटीवर इंग्रजी वाक्य रंगवत होता आणि पुन्हा दाबून पाठवत होता. सेकंदाला चोवीस वेळा. ती वाक्यं मामांना वाचता येत नव्हती, मी वाचत नव्हतो आणि त्यांच्यापायी संगणक भाजून निघत होता. दातात तीळ अडकेल म्हणून अख्खं ताट मिक्सरमध्ये घालावं, तसं.

सबटायटल्स बंद केली. घरघर थांबली. तेवढ्यात वरण-भात कालवून तयार झाला म्हणून आतून हाक आली आणि लॉरेन्स वाळवंटात तसाच राहिला.

आता शहाण्या माणसानं यावर काय करावं? माझ्या ओळखीतल्या सगळ्या शहाण्यांनी एकच केलं आहे. मोठा मिक्सर आणला. जास्त गाभ्यांचा प्रोसेसर, वर ग्राफिक्स कार्ड, दोन पंखे, विजेचं बिल. घरात बोळका असेल तर दंतवैद्याकडे जावं हे ज्याला कळतं, तोच माणूस टीव्ही बोळका निघाला की स्वयंपाकघर वाढवायला घेतो. कारण सर्व्हर दाखवता येतो. त्याला दिवे असतात. प्लेअर बिचारा टीव्हीच्या मागे लोंबकळतो, त्याचा फोटो कोण काढणार?

मामांचं शास्त्र वेगळं. "बैल आणताना शिंगाला बेगड लावत्यात, पाठीवर झूल घालत्यात. आपुन बघायचं न्हाई. जबडा उघडायचा." दुधाचे दात असलेलं ते आदत, दोन आले की दुसा, चार आले की चौसा, पुढे सगळे आले की जुळला. वय, जोम, किंमत सगळं तिथे कळतं. मग उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवायचा. मी म्हटलं, चला, असाच बाजार करू.

शनिवारी पेनड्राइव्हवर वेगवेगळ्या पद्धतींच्या सात फाइली घेऊन मी एका मोठ्या दुकानात गेलो. भिंतभर टीव्ही. सगळ्यांवर एकच मध काचेच्या भांड्यात ओघळत होता, मग मोर, मग पुन्हा मध. दुकानवाल्यांनी मध का निवडला असेल हे आता कळतं. मधाला दात लागत नाहीत.

"यात काय काय चालतं?"

"सर, फोर-के आहे."

फोर-के हा झाला बेगड. पडद्यावर किती ठिपके आहेत एवढंच त्यानं कळतं. पोटात काय जाईल ते नाही. म्हटलं, फाइली कुठल्या चालतील? "एमकेव्ही चालतं ना सर." हेही छान. एमकेव्ही हे पदार्थाचं नाव नाही, डब्याचं नाव आहे. मात्रोस्का नावाचा हा डबा २००२ मध्ये निघाला आणि त्याचं नाव एकात एक बसणाऱ्या त्या रशियन बाहुल्यांवरून आलंय. झाकण उघडतं म्हणजे आतलं चावतं असं नाही. आत २००३ चं एच-२६४ असेल तर मऊ भाकरी, सगळ्यांना जमते. एचईव्हीसी असेल तर कडक. २०१८ चं एव्ही-वन असेल तर ऊसच, त्याला नव्या पोरांचे दात हवेत. मी पेनड्राइव्ह पुढे केला. त्या मुलानं तो असा पाहिला की मी मोराच्या पिंजऱ्यात काहीतरी टाकायला निघालोय.

"सर, एक्स्चेंज ऑफर आहे."

उपरण्याखालची बोटं तिथेच सोडवून घेतली.

बाकीचा बाजार मी घरीच मामांना वाचून दाखवला. टीव्हीतलं स्वतःचं ॲप म्हणजे आदत. दिसायला गोंडस, नांगराला जुंपू नका. टीव्हीच्या मागे खोचायच्या काड्या म्हणजे दुसा-चौसा. त्यातल्या चांगल्या निघतात, पण काडीगणिक दात वेगळे. ॲपल टीव्ही देखणं जनावर, चाल डौलदार. फक्त नेटवर्कच्या तारेचं भोक हवं असेल तर २०२२ च्या मॉडेलात ते १२८ जीबीवाल्यालाच ठेवलंय, म्हणजे वेसणीचे पैसे वेगळे. एनव्हिडिया शील्ड २०१५ साली आला, त्याचं शेवटचं नवं मॉडेल २०१९ चं, तरी जाणकार अजून त्याच्याच पाठीवर थाप मारतात. जुळलेला बैल. आवाजाच्या सगळ्या दाढा शाबूत. एव्ही-वनची मात्र फुटलीच नाही, आणि या वयात काय फुटणार.

"आन् रस्ता?" मामांनी मध्येच विचारलं. बैल बघताना गाडीवाट बघणारा माणूस.

रस्त्याची गंमत आहे. फोर-के डिस्कवरचा सिनेमा सेकंदाला १०० मेगाबिटच्याही वर जाऊ शकतो. आणि बऱ्याच महागड्या टीव्हींच्या मागे तारेचं जे भोक असतं ते १०० मेगाबिटचं. लाख रुपयांच्या वाड्याला सायकल जाईल एवढा दिंडी दरवाजा. त्यामुळे तार जोडून सिनेमा अडखळतो आणि तार काढून वायफायवर टाकला तर पळतो, असा उलटा चमत्कार लोकांच्या घरी घडतो. आमच्याकडे वायफायही नीट पळत नव्हतं, कारण राउटर आणि टीव्हीच्या मध्ये आईचं लोखंडी कपाट. ते हलवण्याविषयी मी एकदाच बोललो.

आता प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर. हा विषय काढला की मामांचे डोळे चमकले, कारण यात भाऊबंदकी आहे. मूळ घराणं कोडीचं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या खोक्यावर २००२ च्या सुमारास काही हौशी लोकांनी सिनेमे चालवायला जे लिहिलं, त्याचं २०१४ मध्ये कोडी असं बारसं झालं. त्याच्यातूनच एक भाऊ मॅक घेऊन वेगळा निघाला, तो प्लेक्स. त्यानं दुकान थाटलं. २०२५ च्या एप्रिलात घराबाहेरून स्वतःचाच सिनेमा बघायलाही पैसे लावले आणि कायमच्या पासची किंमत १२० डॉलरवरून २५० केली. तिसरं घर एम्बीचं. त्यांनी २०१८ मध्ये वाड्याचं दार लावून घेतलं, म्हणजे सगळ्यांना खुला असलेला कोड बंद केला. रुसलेले भाऊ जुन्या सातबाऱ्याची नक्कल घेऊन बाहेर पडले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जेलीफिन उभं राहिलं. ते फुकट आहे आणि फुकटच राहणार असं सांगतं. आमच्या चपलांच्या कपाटावर तेच नांदतंय.

व्हीएलसी या सगळ्यांत वडील. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या पोरांना गेम खेळायला वसतिगृहातलं नेटवर्क वेगवान हवं होतं. नुसत्या गेमसाठी पैसे कोण देणार? म्हणून त्यांनी १९९६ मध्ये नेटवर्कवरून व्हिडिओ दाखवायचा प्रकल्प काढला. त्यात एक सर्व्हर होता आणि एक क्लायंट, म्हणजे वाढपी आणि जेवणारा. वाढपी विस्मरणात गेला. जेवणारा, व्हिडिओलॅन क्लायंट, अजून जगभर जेवतोय. पोरांनी रस्त्यावरून उचलून आणलेल्या नारिंगी शंकूसकट. २०२२ मध्ये भारतात त्याचं संकेतस्थळ कित्येक महिने उघडत नव्हतं, पण तोवर तो इथल्या प्रत्येक संगणकात पाटावर बसलेला होता. पुढे काहीही आणा, व्हीएलसी म्हणणार, वाढा.

मला वाटलं होतं कडक पदार्थ सुटले म्हणजे मऊ सुटलेच. तिथे फसलो.

मामा म्हणाले, "त्ये उंट ऱ्हाऊ दे. ‘पिंजरा’ हाय का?" शांतारामबापूंचा, १९७२ चा. होता ना, व्हीसीडीवर. आमच्या पिढीचा मराठी सिनेमा जितका थिएटरात राहिला नाही तितका व्हीसीडीवर राहिला. एका तबकडीत सव्वा तास मावायचं, त्यामुळे मध्यंतर तबकडी ठरवायची. नाच ऐन रंगात आला की कोणीतरी उठून जायचं. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. पंचावन्न इंची टीव्हीवर नायिकेचा चेहरा साबुदाण्याच्या खिचडीसारखा दिसतो. वर आपल्याकडच्या तबकड्या सेकंदाला २५ चौकटींच्या, सिनेमा २४ चा. म्हणून सगळं चार टक्के घाईत. अडीच तासांचा सिनेमा सहा मिनिटं आधी संपतो आणि सगळ्यांचे आवाज किंचित चढलेले, जणू मंडळी लोकल पकडायच्या बेतात आहेत.

पण हा सगळा एमपेग-वन, म्हणजे निव्वळ पेज. पेज कोणाला चावावी लागते? तर टीव्ही म्हणाला, ही फाइल चालत नाही. बरीच नवी यंत्रं एचईव्हीसीचे आक्रोड फोडतात आणि पेज पुढे केली की तोंड फिरवतात. कोणी शिकवलीच नाही त्यांना.

त्याहून मोठी चूक माझी. व्हीसीडी उघडली की आत सिनेमाचं नाव नसतं. प्रत्येक व्हीसीडीवर सिनेमाच्या फाइलचं नाव एकच: एव्हीएसईक्यू०१ डॉट डॅट. ‘पिंजरा’ असो, ‘अशी ही बनवाबनवी’ असो की मावसभावाचं लग्न असो. मी साठेक तबकड्या एका फोल्डरमध्ये ओतल्या. संगणक दर वेळी विचारत होता, जुनी काढून नवी ठेवू का? मी दर वेळी हो म्हणत होतो. उत्साहात माणूस वाचत नाही. दोन रविवार खपून जो संग्रह जमला त्यात मावसभावाचं लग्न होतं, भाग दुसरा.

साठही तबकड्या पुन्हा. या वेळी हातानं नावं दिली. तर सर्व्हरला आपली हुशारी सुचली. तो फाइलचं नाव बघून इंटरनेटवरच्या भांडारातून पोस्टर आणि माहिती आणतो. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ मी २०१५ असं साल घालून ठेवला, कारण तेव्हा तो आपल्या थिएटरात लागला. भांडार म्हणतं २०१४, कारण व्हेनिसच्या महोत्सवात तो आधी झाला होता. साल जुळेना म्हणून सर्व्हरनं दुसऱ्याच कुठल्या तरी कोर्टाचं पोस्टर डकवलं. टोप घातलेले गोरे न्यायाधीश, आणि आत शाहीर झालेले वीरा साथीदार.

आणि अक्षरं. आईला ऐकू कमी येतं, म्हणून मी दोन सिनेमांना मराठी सबटायटल्स स्वतः टंकली. आमच्या टीव्हीवर ‘किती’चं ‘कतिी’ झालं, ‘प्रेम’ पाय मोडून ‘प्‌रेम’ झालं. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर आणि लिहिताना आधी, हे प्लेअरला कोणीतरी शिकवावं लागतं. नाहीतर तो अक्षरं आली तशी रांगेत उभी करतो. आई दहा मिनिटं वाचत होती. मग म्हणाली, "हे मोडीत आहे का रे?"

आमची मुलगी इतके दिवस हे सगळं कानात बोंडं घालून बघत होती. परवा म्हणाली, "बाबा, माझा पाय वापरा ना." तिच्या खणातून तिनं पत्त्यांच्या कॅटएवढी एक पाटी काढली. रास्पबेरी पाय-चार. शाळेत असताना रोबो बनवायला घेतली होती, रोबो दोनदा चालला होता.

हे घराणं मला माहीत होतं. पहिली रास्पबेरी २०१२ ची, ३५ डॉलरची. तिच्यात डीव्हीडी चावायचा एमपेग-टूचा दात बसवलेला होता, पण कुलूप लावून. हवा असेल तर दोन-अडीच पौंडांना किल्ली विकत घ्यायची. २०२३ च्या पाचव्या रास्पबेरीत तर एच-२६४ ची वेगळी दाढच काढून टाकलीय. पण प्रोसेसर दणकट, म्हणून ती नुसत्या हिरड्यांनी चावते. मामांना हे एकदम पटलं. हिरड्यांनी काय काय होतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? आदल्या दिवशीच त्यांनी चकली संपवली होती.

मुलीची चौथी. २०१९ च्या या मॉडेलात एचईव्हीसीची दाढ आहे, तारेचं भोक गिगाबिटचं आहे. त्यात फक्त कोडी चालवणारी एक छोटी व्यवस्था घातली, टीव्हीच्या मागे चिकटपट्टीनं चिकटवली आणि कपाटाच्या पायाखालून तार नेली. कपाट हललं नाही. सात फाइली लावल्या. सातही गिळल्या. पेज प्याली. ‘किती’ला ‘किती’ म्हणाली. टीव्हीचाच रिमोट तिला चालतो, त्यामुळे आईला दुसरा रिमोट शिकवावा लागला नाही. माझ्या दृष्टीनं हा आठवा आणि अक्कलदाढेइतका महत्त्वाचा दात.

"गोठ्यातच हुता की बैल," मामा म्हणाले. "आन् तू खरसुंडीचा बैलबाजार पालथा घालून आलास."

गुरुवारी कवळी आली. मामांनी आरशात बघून दोनदा जबडा वाजवला आणि दोन महिन्यांनी शेंगदाण्याची चटणी खाल्ली. रात्री लॉरेन्स लावला. इंग्रजी सबटायटल्स मी मुद्दाम चालू ठेवली. वाळू सरळ वाहत होती. चपलांच्या कपाटाकडून आवाज नाही. एका उंटाचं तोंड जवळून दिसल्यावर मामा पुढे सरकले. "जुळून म्हातारा झालाय ह्यो. फसवलंय गोऱ्याला." मग कवळी टोचते म्हणून काढली आणि मध्यंतराआधी झोपले.

दिवे घालवायला उठलो तर सर्व्हरच्या डोक्यावर काचेचा ग्लास. पाण्यात कवळी आणि पाण्यातून सर्व्हरचा हिरवा दिवा लुकलुकतोय. मी धावलो. संगणकावर पाणी!

"असू दे रे," आई म्हणाली, "तिथे आता कुठे काय चालू असतं?"